तेजोमेघाचें छायाचित्र कसें घ्यावें?

श्रोतेहो, हिवाळ्याच्या रात्रीं पूर्वेकडे मृग नक्षत्र वर येऊं लागलें म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांची दृष्टि सहजच तिकडे वळते. चार कोपऱ्यांवरचे चार तारे, मध्यें एका ओळींत असलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि तो बाण ज्यानें मारला तो व्याध पलीकडे लखलखत असलेला, हें दृश्य आपल्याकडे घरोघर मुलांना दाखविलें जातें. या बाणाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर तीन फिकट ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे. तिच्यांतील मधला तारा जरा लक्ष देऊन पाहिला तर तो इतरांसारखा रेखीव दिसत नाहीं, धुकट दिसतो. तो केवळ तारा नव्हेच. तो वायूचा आणि धुळीचा एक अफाट मेघ असून त्यांत नवे तारे जन्मास येत आहेत. आपल्यापासून तो सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तेथून निघाला तेव्हां महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचें राज्य होतें. फ्रेंच ज्योतिषी मेसिए याच्या यादींत याचा क्रमांक ४२ वा असल्यामुळें त्यास एम ४२ असेंही म्हणतात.

अशा दूरस्थ वस्तूंचें, म्हणजे तेजोमेघांचें, तारकागुच्छांचें आणि दीर्घिकांचें, दुर्बिणींतून छायाचित्र कसें घ्यावें व या छंदाचा आरंभ कोठून करावा, याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. उदाहरणादाखल मीं हा मृगांतील तेजोमेघच घेतला आहे. कारण नवशिक्यावर इतकी कृपा करणारी दुसरी वस्तु आकाशांत क्वचितच सांपडेल.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. लहान दुर्बिणींतून डोळ्यानें पाहणाऱ्यास हा मेघ करड्या धुराच्या पिसासारखा दिसतो. त्याचें छायाचित्र पाहावें तर त्यांत गुलाबी, जांभळट, निळसर असे पडद्यामागून पडदे उलगडत गेलेले असतात. हें पाहून पुष्कळांचा असा ग्रह होतो कीं, एक तर छायाचित्र खोटें असावें, किंवा तें काढणाऱ्यापाशीं एखादी प्रचंड दुर्बीण असावी. हे दोन्ही ग्रह चुकीचे आहेत. फरक आहे तो डोळ्याच्या आणि कॅमेऱ्याच्या स्वभावांत. डोळा प्रकाश सांठवीत नाहीं. क्षणाच्या एका लहानशा अंशांत जेवढा प्रकाश आला तेवढ्याचें चित्र तो मेंदूकडे धाडतो आणि लगेच पाटी पुसून नव्यानें आरंभ करतो. शिवाय अंधुक प्रकाशांत डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखतां येत नाहींत. कॅमेरा मात्र पागोळीखालीं ठेवलेल्या घागरीसारखा आहे. थेंब कितीही सावकाश पडोत, घागर हालविली नाहीं आणि पुरेसा वेळ तशीच राहूं दिली तर ती भरतेच. थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण या विद्येस अक्षरशः लागू पडते. छंदाचें सारें मर्म एवढ्यांत आलें: वेळ सांठवावयाचा, आणि तो सांठेपर्यंत घागर हालूं द्यावयाची नाहीं.

हें मर्म माणसाच्या हातीं येण्यास बराच काळ लागला. पूर्वीं छायाचित्रणाच्या कांचा ओल्या असतांनाच वापराव्या लागत व त्या कांहीं मिनिटांतच वाळून निकामी होत. त्यामुळें प्रकाश फार वेळ सांठवितां येत नसे. १८७१ मध्यें रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची रीत प्रसिद्ध केली आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. ३० सप्टेंबर १८८० रोजीं अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यानें ११ इंची भिंगाच्या दुर्बिणीनें, ५१ मिनिटें प्रकाश घेऊन, याच मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र काढलें. पुढें १८८३ मध्यें लंडनजवळील ईलिंग येथें अँड्र्यू कॉमन यानें ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीनें, ६० मिनिटांपर्यंत प्रकाश घेऊन, त्याच मेघाचीं जीं छायाचित्रें काढलीं, त्यांत डोळ्याला दुर्बिणींतूनही न दिसणारे तारे उमटले. त्या दिवसापासून कॅमेरा हा डोळ्याचा नकलनवीस राहिला नाहीं. तो डोळ्याच्या पुढें गेला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कॉमन हा व्यवसायानें अभियंता होता. ज्योतिष हा त्याचा फावल्या वेळेचा उद्योग, आणि ती दुर्बीण त्यानें उभारली होती ती आपल्या घरामागच्या बागेंत.

आपल्या पुण्यासही या तेजोमेघाशीं जुनें नातें सांगतां येतें. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्याच्या सायन्स कॉलेजांत महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली आणि तेथील दुर्बिणीवर प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीं मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेतले. १८९१ मध्यें ते इंग्लंडांतील ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. १९१२ मध्यें ही वेधशाळा बंद होऊन तिची सामग्री कोडाईकनालला गेली. पुण्याचें आकाश एके काळीं अशा कामास योग्य होतें, एवढेंच येथें लक्षांत घ्यावें. त्याची आठवण पुढें लागणार आहे.

आतां घरच्या सामग्रीकडे वळूं. दुर्बीण घेण्याची हौस असणारा गृहस्थ दुकानांत पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, ही किती पट मोठें दाखविते? छायाचित्रणाच्या दृष्टीनें हा प्रश्न अगदीं शेवटचा. पहिला प्रश्न असा कीं, ही दुर्बीण कशावर उभी राहणार? पृथ्वी स्वतःभोवतीं फिरत असल्यामुळें सारें आकाश तासाला १५ अंश सरकतें. एका अंशाच्या ३,६०० व्या भागास विकला म्हटलें तर ही गति सेकंदाला १५ विकला होते. साधारण ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंत तेवढें अंतर असलेल्या दुर्बिणीला आजचा सामान्य डिजिटल कॅमेरा जोडला, तर त्याच्या सेन्सरवरील प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक सूक्ष्म घरास आकाशाच्या सुमारें २ विकला येतात. अर्थात् दुर्बीण स्थिर ठेवली तर एका सेकंदांतच तारा सात-आठ घरें ओलांडून जातो, आणि ठिपक्याच्या जागीं रेघ उमटते. घागर स्थिर आहे, पण पागोळीच सरकत आहे, असा हा प्रकार होय.

यास उपाय म्हणजे आकाशाबरोबर दुर्बिणीलाही त्याच गतीनें फिरविणारी बैठक. व्यवहारांत तिला इक्वेटोरियल माउंट म्हणतात. आपण विषुववृत्तीय बैठक म्हणूं. तिचा मुख्य कणा पृथ्वीच्या आंसाशीं समांतर ठेवावयाचा असतो, म्हणजे एकच मोटर त्या कण्याभोवतीं फिरून ताऱ्याचा पाठलाग करूं शकते. खर्चाचा मोठा वांटा या बैठकीवर करावा आणि उरलेल्यांत दुर्बीण घ्यावी. उलट करूं नये. विक्रेता जेवढें ओझें पेलण्याची ग्वाही देतो, त्याच्या निम्म्याहून अधिक ओझें छायाचित्रणासाठीं तिच्यावर लादूं नये, असा अनुभवी मंडळींचा दंडक आहे. डळमळीत तिपाईवर ठेवलेली मोठी दुर्बीण ही माळ्यावर जाण्यासाठींच जन्मलेली असते.

कणा समांतर करण्यासाठीं तो ध्रुवाकडे रोखावा लागतो. येथें महाराष्ट्रांतील माणसास एक खास अडचण आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची ही त्या गांवच्या अक्षांशाइतकी असते. मुंबईस ती सुमारें १९ अंश, पुण्यास साडेअठरा, नागपुरास २१. युरोपांतल्याप्रमाणें आपला ध्रुव डोक्यावर नसून अगदीं खालीं, धुरकट हवेंत आणि बहुधा शेजारच्या इमारतीच्या आड असतो. म्हणून गच्ची निवडतांना उत्तरेची बाजू मोकळी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. तेवढी दुरुस्ती बैठकींतील लहानशा ध्रुवदर्शक दुर्बिणीनें करतां येते. ध्रुव दिसतच नसेल तर दक्षिणेकडे माथ्यावरून जाणारा एखादा तारा कोणत्या बाजूस घसरतो हें पाहून कणा हळूहळू सुधारीत जाण्याची जुनी रीत आहे. तिला वेळ लागतो, पण ती कोणालाही साधते.

दुर्बीण मात्र लहानच घ्यावी. ६० ते ८० मिलिमीटर व्यासाचें चांगलें भिंग आणि ३५० ते ४८० मिलिमीटर नाभीय अंतर, एवढें आरंभास पुष्कळ झालें. सामान्य सेन्सरवर ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीनें सुमारें साडेतीन अंश लांबीचें आकाश मावतें. पूर्णचंद्राचा व्यास अर्ध्या अंशाचा. म्हणजे सहा-सात चंद्र एका ओळींत बसतील. मृगांतील तेजोमेघ दोन चंद्रांएवढा पसरलेला आहे, आणि २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेली देवयानी दीर्घिका सहा चंद्रांएवढी लांब आहे. या वस्तू दिसत नाहींत त्या लहान आहेत म्हणून नव्हे, मंद आहेत म्हणून. त्यांना मोठें करून दाखविण्याची गरजच नाहीं. उलट दोन हजार मिलिमीटरची दुर्बीण घेतली तर आकाशाचा तुकडा पांचपट अरुंद होतो आणि बैठकीची प्रत्येक चूक पांचपट मोठी होऊन दिसते.

कॅमेरा, ज्याचें भिंग काढतां येतें असा, कोणताही चालेल. भिंग काढून त्या जागीं एक कडें बसवावें आणि कॅमेरा सरळ दुर्बिणीस जोडावा, म्हणजे दुर्बीण हेंच कॅमेऱ्याचें भिंग होतें. हें सारें घेण्यापूर्वीं घरच्या कॅमेऱ्यानें एक परीक्षा करून पाहावी. साध्या तिपाईवर ५० मिलिमीटरचें भिंग लावून मृगाचीं पांच-पांच सेकंदांचीं कांहीं छायाचित्रें घ्यावीं. त्यांत तो धुकट ठिपका लालसर झालेला दिसेल. तो पाहून मनाला ओढ लागली तरच पुढें पाऊल टाकावें.

आतां प्रत्यक्ष रात्रीचें काम. काळ हिवाळ्याचा, तिथि अमावास्येच्या आसपासची. कारण चंद्राचें चांदणें मंद वस्तूंना बुडवून टाकतें. जानेवारीच्या अखेरीस रात्रीं साडेनऊच्या सुमारास मृगांतील तेजोमेघ आपल्याकडे दक्षिणेस सुमारें ६५ अंश उंच असतो. तेव्हां हवेचा थर कमी व प्रतिमा स्वच्छ. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधींच बाहेर मांडावी, म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकी थंड होते. पहांटेकडे भिंगावर दंव धरतें; त्यासाठीं नळीच्या तोंडाभोंवतीं बांधावयाची ऊब देणारी पट्टी मिळते. नाभी जुळविण्याचें काम डोळ्याच्या अंदाजावर सोडूं नये. व्याधासारख्या तेजस्वी ताऱ्यावर दुर्बीण रोखून तिच्या तोंडावर बाह्तिनोव्ह नांवाची खांचांची चकती ठेवली असतां ताऱ्यास तीन किरण फुटतात. मधला किरण इतर दोहोंच्या बरोबर मध्यें आला कीं नाभी जुळली.

त्यानंतर ३० सेकंदांचें एक छायाचित्र घ्यावें. तारे वाटोळे आले तर त्याच मापाचीं शंभर-सव्वाशें घ्यावीं. लांबट आले तर मुदत कमी करावी आणि संख्या वाढवावी. एक तासाचें एकच छायाचित्र घेण्यापेक्षां हें सोयीचें आहे. मध्येंच विमान गेलें, वाऱ्याची झुळूक आली, कीं एखादा कृत्रिम उपग्रह रेघ ओढून गेला, तर तेवढें एक टाकून देतां येतें. कॉमनला ही मुभा नव्हती. तेजोमेघाचा गाभा मात्र इतका तेजस्वी आहे कीं ३० सेकंदांत तो पांढरा फटक होऊन आंतले चार जुळे तारे, ज्यांना ट्रॅपेझियम म्हणतात, ते हरवतात. म्हणून पांच-पांच सेकंदांचीं तीसएक छायाचित्रें निराळीं घेऊन ठेवावीं आणि शेवटीं गाभा त्यांतून घ्यावा. सर्व छायाचित्रें कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ स्वरूपांत सांठवावीं.

इतकीं छायाचित्रें कशासाठीं, असें कोणी विचारील. कोणतेंही एक छायाचित्र जवळून पाहिलें तर त्यांत खऱ्या प्रकाशाबरोबर खोट्या ठिपक्यांची भुरभुर दिसते. खरा प्रकाश प्रत्येक चित्रांत त्याच जागीं येतो. भुरभुर मात्र दर वेळीं जागा बदलते. चित्रें ताऱ्यांवर तारे बसवून एकत्र केलीं म्हणजे खरें तें पक्कें होतें आणि खोटें तें एकमेकांस मारतें. गणित असें कीं, चार चित्रें एकत्र केलीं तर स्वच्छता दुप्पट होते आणि शंभर केलीं तर दसपट. त्याबरोबर आणखी दोन प्रकारचीं चित्रें लागतात. दुर्बिणीवर झांकण ठेवून त्याच मुदतीचीं व त्याच थंडींत घेतलेलीं चित्रें, यांना डार्क म्हणतात; त्यांवरून सेन्सरचे स्वतःचे दोष वजा करतां येतात. आणि नळीच्या तोंडावर पांढरें स्वच्छ कापड ताणून संधिप्रकाशांत घेतलेलीं चित्रें, यांना फ्लॅट म्हणतात. त्यांवरून कडेचा काळोख आणि धुळीचे डाग निघतात. हें एकत्रीकरण करणारे डीपस्कायस्टॅकर, सिरिल यांसारखे संगणकीय कार्यक्रम विनामूल्य मिळतात. एकत्र झालेलें चित्र प्रथम काळेंच दिसतें. निराश होऊं नये. त्याचे अंधुक भाग हलके हलके उजळीत गेलें म्हणजे तेजोमेघाचे पंख पसरूं लागतात.

येथें एका सावधगिरीची आवश्यकता आहे. उजळणें निराळें आणि रंगविणें निराळें. आलेला प्रकाश दिसेल असा करणें हा छायाचित्रकाराचा हक्क आहे; न आलेला प्रकाश भरणें हा नाहीं. आजकाल चित्र आपोआप सुधारणारीं अशीं साधनें निघालीं आहेत कीं, तीं पुसट जागीं स्वतःच्या पदरचे बारकावे भरून देतात. असें चित्र भिंतीवर शोभेल. पण तें १,३५० वर्षें प्रवास करून आलेल्या प्रकाशाची साक्ष राहणार नाहीं. म्हणून चित्राखालीं तारीख, ठिकाण, दुर्बीण, एकूण किती मिनिटांचा प्रकाश आणि त्यावर काय संस्कार केले हें लिहिण्याची संवय पहिल्याच चित्रापासून लावावी. वही नीट ठेवणाऱ्या हौशी माणसाचें काम शास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडतें. नीट न ठेवणाऱ्याचें, त्याच्या स्वतःच्याही पडत नाहीं.

आतां ज्या सामग्रीवांचून बाकी सारी व्यर्थ आहे आणि जी कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं, तिच्याविषयीं. ती सामग्री म्हणजे अंधार. शहराचा वर उधळलेला उजेड हवेंतील धुळीवर आदळून परत येतो आणि त्याच घागरींत पडतो. तेजोमेघाचा थेंब एक, दिव्यांचे थेंब अनेक. मग घागर भरते ती गढूळ पाण्यानें. मृगांतील तेजोमेघ धीट आहे. तो मुंबई-पुण्याच्या गच्चीवरूनही साधतो. विशिष्ट रंगाचाच प्रकाश आंत सोडणाऱ्या गाळण्याही मिळतात आणि चमकणाऱ्या वायूच्या मेघांसाठीं त्या उपयोगी पडतात. परंतु देवयानी दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सर्व रंगांचा. तिला गाळणी फारशी उपकारक होत नाहीं. तिच्या बाह्य भुजांसाठीं शहर सोडून जाणें हाच उपाय. २०२४ च्या जानेवारींत आपल्या महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास भारतांतील पहिलें अंधारें आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अंधार जपण्यासाठीं अभयारण्य करावें लागावें, यांतील खेदही विसरतां येत नाहीं. ज्या पुण्यांत एके काळीं भर वस्तीजवळ तेजोमेघाचे वेध घेतले गेले, तेथल्या मुलाला आज तो धुकट ठिपका अंगणांतून दिसेल याची खात्री कोणी देऊं शकत नाहीं.

यावर आपल्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. घराबाहेरच्या दिव्यावर टोपी असावी, त्याचा झोंत खालीं असावा, तो पांढऱ्याऐवजीं पिवळसर असावा आणि काम नसतां बंद असावा, एवढें प्रत्येक कुटुंबास करतां येईल. आपल्या इमारतींतील मंडळींना एकदां गच्चीवर बोलावून पडद्यावर हळूहळू उमटणारा तेजोमेघ दाखवावा. दिव्यांविषयींचें व्याख्यान त्यानंतर द्यावें, म्हणजे तें लवकर पटतें. एकट्यानें आरंभ करण्याचा संकोच वाटत असेल त्यांनीं हौशी ज्योतिषप्रेमींच्या मंडळांकडे जावें. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हें काम करीत आली आहे, आणि दुसऱ्याच्या बैठकीवर एक रात्र काढली असतां पुस्तकांतील दहा प्रकरणांचा उलगडा होतो.

श्रोतेहो, या छंदांत घाईला फळ नाहीं. पहिल्या रात्रीं ध्रुव जुळविण्यांतच मध्यरात्र होईल, दुसऱ्या रात्रीं ढग येतील, तिसऱ्या रात्रीं नाभी चुकेल. परंतु ज्या रात्रीं सव्वाशें लहान लहान चित्रांतून तो एक मेघ वर येईल, त्या रात्रीं आपण कोणाचें चित्र पाहात नसून स्वतः गोळा केलेला प्रकाश पाहात आहों, याचें समाधान वेगळेंच असेल. तेव्हां येत्या हिवाळ्यांतील एखाद्या अमावास्येस घरांतील दिवे जरा लवकर मालवा, बाणाच्या दक्षिणेकडील तो मधला तारा मुलांना दाखवा, आणि मगच दुर्बिणीच्या दुकानाचा विचार करा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.